व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल की टेलिग्राम : द्राक्ष निर्यातदाराने कागदपत्रे कशावरून पाठवावीत?

पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, की निर्यातदाराच्या कचेरीतला निम्मा व्यवहार मोबाइलवरूनच होतो. बागायतदारांची आधार कार्डे, पासबुकांचे फोटो, रेसिड्यू (कीडनाशकांच्या अंशांच्या) तपासणीचे अहवाल, कंटेनरचे क्रमांक आणि युरोपातल्या खरेदीदाराशी ठरलेला भाव, हे सारे त्याच फोनमधून जाते. तेव्हा कोणते अ‍ॅप वापरायचे, हे छाटणीच्या दिवसांतच ठरवलेले बरे. मात्र ‘एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशाला कुलूप, आहे का’ एवढे विचारून भागत नाही. कुलपाची किल्ली कोणाकडे राहते आणि संदेशाची दुसरी प्रत कुठे पडून असते, हे विचारावे लागते.

टेलिग्रामचा निर्णय लवकर होतो. त्यावरचे नेहमीचे संभाषण एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणाराच उघडू शकेल असे, नसते. ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावे लागते आणि तेही दोघांपुरतेच, ग्रुपसाठी ती सोय नाही. बाजारभावाच्या चॅनेलसाठी ते चालेल, पासबुकाच्या फोटोसाठी मी ते सुचवणार नाही.

खरी तुलना उरलेल्या दोघांची आहे. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल 2016 मध्ये सर्व संभाषणांना जे एन्क्रिप्शन लावले, ते सिग्नलच्याच प्रोटोकॉलवर उभे आहे, त्यामुळे वाटेत संदेश वाचला जाण्याच्या बाबतीत दोन्ही सारखीच भक्कम आहेत. फरक आहे तो संदेशाच्या भोवतालच्या माहितीत, म्हणजे कोण कोणाशी कधी बोलले यासारख्या नोंदींत. 2016 मध्ये अमेरिकेतल्या तपासयंत्रणेने माहिती मागितली, तेव्हा सिग्नलकडे देण्यासारखे दोनच तपशील निघाले: खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. व्हॉट्सअ‍ॅपकडे, म्हणजे त्याची मालक कंपनी मेटाकडे, याहून बरेच काही जमा होते. शिवाय क्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला हे एन्क्रिप्शन आपोआप लागत नाही. 2021 पासून मिळालेली ती सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते, आणि तिचा पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली हरवली तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

तरीही निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला सिग्नल घ्यायला लावणे व्यवहार्य नाही. त्याच्याशी व्हॉट्सअ‍ॅपच ठेवावे, बॅकअपला कुलूप लावून. खरेदीदाराशी करार आणि बँक तपशील मात्र सिग्नलवर.

कायद्याच्या बाजूने अ‍ॅप बदलल्याने फारसे काही बदलत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 69 खाली सरकार संदेश उलगडण्यास साहाय्य मागू शकते आणि ते नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याच्या 2021 च्या नियमाला व्हॉट्सअ‍ॅपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. परदेशातून पुरावा मिळवणे त्याहून बिकट आहे: सायबर गुन्ह्यांवरील 2001 च्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट कराराचा भारत सदस्य नाही, आणि डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने स्वीकारलेला सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार लागू होण्यासाठी चाळीस देशांची मान्यता लागते. म्हणून फसवणूक लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करणे आणि आपल्या बँकेला कळवणे, हे सर्वांत आधी.

पण निर्यातदाराचे पैसे बुडतात ते बहुधा एन्क्रिप्शन फुटल्यामुळे नव्हे, तर ‘आमचे खाते बदलले आहे’ अशा बनावट मेलमुळे, जो आपल्या नावाने खरेदीदाराला जातो. यावर दोन्ही अ‍ॅपमध्ये एक साधा उपाय आहे. संपर्काच्या माहितीत साठ अंकी सुरक्षा क्रमांक दिसतो, पाच-पाच आकड्यांचे बारा गट; तो दोन्ही फोनवर सारखा असला, की मधे तिसरे कोणी नाही हे कळते. कचेरीतल्या हिशेबनिसाने ओळखीच्या माणसाला व्हिडिओ कॉल लावून ते बारा गट एकदा मोठ्याने वाचून जुळवावेत, आणि खात्यात कोणताही बदल त्याच मार्गाने आला तरच मानायचा, हे पहिला कंटेनर निघण्याआधी खरेदीदाराशी ठरवून घ्यावे.

सिग्नल घेणाऱ्याने एक गोष्ट मात्र टाळावी. त्यातील आपोआप पुसले जाणारे संदेश ऑर्डरच्या बोलणीसाठी सुरू करू नयेत. माल नाकारला गेला आणि वाद न्यायालयात गेला, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्रासह तेच संभाषण पुरावा म्हणून सादर करावे लागते, आणि तेव्हा ते फोनमध्ये असायला हवे.