३९२ स्क्वेअर फुटांचं घर इंडियानात बसवलं, एक हिवाळा काढला, त्यानंतरचा अनुभव

सरळ सांगते, घर चांगलं आहे. घराबद्दल तक्रार फार कमी आहे, आमचं डोकं खाल्लं ते घराखालच्या जागेने. यूट्यूबवर टायनी होमचे व्हिडिओ बघाल तर सगळे लॉफ्ट, जिन्यातले ड्रॉवर आणि फोल्डिंग टेबल दाखवतात, गटाराचा पाइप कुठे जोडला ते कोणी दाखवत नाही, म्हणून मी तेच जास्त लिहिणार आहे.

आम्ही राहतो कोलंबस, इंडियानात. ओहायोतलं मोठं कोलंबस नाही, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला तासाभरावर असलेलं, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं हेडक्वार्टर इथे आहे आणि पुण्यात कमिन्स १९६२ पासूनची (तेव्हाची किर्लोस्कर कमिन्स), त्यामुळे या गावात दुकानाच्या रांगेत मागून मराठी ऐकू आलं तरी कोणी दचकत नाही. बाकी गावाची ख्याती आर्किटेक्चरची. एरो सारिनेनचं चर्च, आय. एम. पेईची लायब्ररी, लोक बस करून बघायला येतात. आणि अशा गावात आम्ही व्हिनाइल सायडिंगचा डबा आणून ठेवला, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो.

का घेतलं हे थोडक्यात: ग्रीन कार्डच्या लाइनीत उभे आहोत, ती कधी हलेल देव जाणे, त्यात तीस वर्षांचं मॉर्गेज गळ्यात नको होतं आणि भाडं तर दर वर्षी वाढतंच. दोघंच आहोत, तो घरूनच काम करतो. कोथरूडला माझं बालपण वन आरकेमध्ये गेलंय त्यामुळे लहान जागेची भीती मला नव्हती, त्याला होती.

आता मुख्य गोष्ट. "टायनी होम" नावाची एकच वस्तू नाहीये. दिसायला सारख्या दिसणाऱ्या तीन-चार वेगळ्या गोष्टी या एका नावाखाली विकतात आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचं एकमेकांशी काही घेणंदेणं नाही. चाकांवरचं साडेआठ फूट रुंदीचं असतं ते बहुतेक ठिकाणी आरव्ही (सुट्टीत फिरायला न्यायचं चाकांवरचं घर) म्हणून धरतात. त्याहून रुंद पण ४०० स्क्वेअर फुटांपर्यंतचं ते पार्क मॉडेल, तेही कागदावर आरव्हीच. मग कारखान्यात बांधलेलं पण हड कोडचं (हड म्हणजे अमेरिकन सरकारचं गृहनिर्माण खातं) मॅन्युफॅक्चर्ड होम, हा कोड १९७६ पासूनचा आणि त्यात घर किमान ३२० स्क्वेअर फुटांचं लागतं. आणि चौथं म्हणजे पक्क्या पायावरचं, नेहमीच्या घरांच्या बिल्डिंग कोडप्रमाणे, त्या कोडमध्ये २०१८ पासून ४०० फुटांखालच्या घरांसाठी वेगळं अपेंडिक्स आहे पण ते तुमच्या राज्याने किंवा गावाने स्वीकारलं असेल तरच उपयोग.

आम्ही आधी एल्कहार्टच्या बाजूला पार्क मॉडेल बघायला गेलो. उत्तर इंडियानाचा तो सगळा पट्टा म्हणजे आरव्हीची राजधानी, कारखान्यांमध्ये अमिश (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती समाज) कारागीर भरपूर, आणि काम खरंच बघण्यासारखं. एका मॉडेलवर माझा जीवच जडला होता, पांढरं किचन, मोठी खिडकी, वर लॉफ्ट. त्याच किचनमध्ये ओट्यावर एक छापील नोटीस लावलेली होती की हे युनिट फक्त रिक्रिएशनल वापरासाठी आहे, मुख्य घर किंवा कायमची राहण्याची जागा म्हणून नाही. ही नोटीस लावणं सरकारी नियमाने बंधनकारक आहे, त्यात त्या कारखान्याचा काही दोष नाही. सेल्समन म्हणाला की ओ, सगळेच राहतात. राहत असतील. पण उद्या इन्शुरन्सवाला किंवा गावचा झोनिंगवाला (कुठे काय बांधायचं ते बघणारा) आला तर सेल्समन येणार नाही ना उभा राहायला! तिथेच आमचं ठरलं की हड कोडचं घ्यायचं, थोडं कमी गोंडस दिसलं तरी चालेल.

आमचं १४ बाय २८ चं आहे. बाहेर मागच्या कोपऱ्यात लाल रंगाची छोटी धातूची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते, तोच हडचा शिक्का, आणि आत कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवलेला असतो त्याला डेटा प्लेट म्हणतात. तो कागद वाचाच. त्यावर घर कुठल्या वाऱ्यासाठी आणि कुठल्या थंडीसाठी बांधलंय ते लिहिलेलं असतं. आमच्यावर विंड झोन १ आणि थर्मल झोन ३ आहे. दक्षिणेकडच्या राज्यासाठी बांधलेलं घर डिस्काउंटमध्ये मिळतंय म्हणून इथे आणून बसवाल तर हिवाळ्यात रडाल.

घराची ऑर्डर आम्ही जागा नक्की झाल्यावरच दिली आणि कोणी विचारलं तर पहिलं हेच सांगते. आधी जागा, मग घर. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने उलटं केलं, चाकांवरचं सुंदर घर आधी घेतलं आणि मग ते कित्येक महिने एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये भाडं भरून ठेवलेलं होतं. स्वतःची जमीन घ्यायची तर मिनिमम चौरस फूट, सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा), सीवरचं कनेक्शन, सगळं प्लॅनिंग ऑफिसात विचारून, आणि शक्यतो ईमेलवर लेखी घेऊन मगच पुढे जायचं. आम्ही शेवटी मॅन्युफॅक्चर्ड होम्सच्या कम्युनिटीत लॉट भाड्याने घेतला. जमीन त्यांची, घर आमचं. महिन्याला ४८० डॉलर, त्यात कचरा आणि रस्त्यावरचा बर्फ काढणं येतं, पाणी आणि सीवर वेगळं.

लॉट निवडताना मी फेमाचा (सरकारच्या आपत्ती खात्याचा) पुराचा नकाशा घेऊन बसले होते. या गावाला नद्यांचा विळखा आहे, फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड इथेच मिळतात, शिवाय हॉ क्रीक. जून २००८ मध्ये हॉ क्रीकला असं पाणी आलं की गावचं हॉस्पिटल रिकामं करावं लागलं होतं. दिसायला सगळी जमीन ताटासारखी सपाट, कुठे पाणी येतं ते डोळ्यांना कळतच नाही, त्यामुळे नकाशा बघा आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. आमच्या शेजारच्या आजोबांनी हात करून दाखवलं की पाणी इथपर्यंत आलं होतं, आणि आमचा लॉट त्याच्या बऱ्याच वर आहे.

डिलिव्हरी हा एक सोहळाच. चौदा फुटी घर म्हणजे ओव्हरसाइझ लोड, परमिट, पिवळ्या दिव्यांची गाडी, आणि पाऊस पडला की सगळं पुढे ढकललं जातं कारण ओल्या मातीत ट्रक रुततो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, घर येतंय की घरी येतंय?" ड्रायव्हरने ते घर मेपलच्या फांद्या चुकवत मागे घेतलं ते बघून मी त्याच्या पाया पडायची बाकी होते.

पण घर आलं म्हणजे झालं नाही. खाली प्लॅस्टिक अंथरायचं म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही, मग ब्लॉकचे खांब, लेव्हल, मग जमिनीत स्क्रूसारखे फिरवून घातलेले अँकर आणि त्यांना स्टीलचे पट्टे. हे काम लायसन्सवाल्या इन्स्टॉलरकडूनच करून घ्या. सीवरचा पाइप फुटाला पाव इंच उतार ठेवून जातो, इन्स्टॉलरच्या पोराने लेव्हल लावून इंचाइंचाने तो टांगला, तेव्हा मी शेजारी वाकून बघत होते आणि नवरा लाजत होता. लाजायचं काय त्यात, तुंबलं तर आपल्याच घरात येणार आहे.

पैशांचं बोलू. घर डिलिव्हरीसकट साधारण ६८ हजार डॉलर. त्यावर बसवणं, स्कर्टिंग (घराखालची पोकळी झाकणारी पॅनलं), पायऱ्या, वीज आणि पाइप जोडणं मिळून १५ हजारांच्या घरात गेले, आणि हा दुसरा आकडा जाहिरातीत कुठेच नसतो. भाड्याच्या जागेवरचं घर म्हटलं की नेहमीचं होम लोन मिळत नाही, चॅटल लोन (जमीन नाही, फक्त घर तारण) मिळतं, व्याज जास्त आणि मुदत कमी. आम्ही बरेचसे साठवलेले भरले म्हणून निभावलं. कागद बीएमव्हीचं (इथल्या आरटीओचं) टायटल, गाडीसारखं. विकायचं किंवा हलवायचं झालं तर आधी काउंटी ट्रेझररकडे टॅक्स क्लिअर करून परमिट घ्यावं लागतं.

वीज. हे आपल्या लोकांनी नीट वाचा. आरव्ही टाइपच्या लहान घरात ३० अँपचं कनेक्शन असतं, १२० व्होल्टवर म्हणजे ३६०० वॅट, संपलं. हीटर चालू, त्यात किटली आणि इंडक्शन लावलं की ब्रेकर पडलाच. ५० अँपचं असेल तर १२,००० वॅटपर्यंत जातं, बरं पडतं. आमच्यात १०० अँपचं पॅनल आहे, ओव्हन, गीझर, मिनीस्प्लिट (गरम-थंड दोन्ही करणारा स्प्लिट एसी) आणि मिक्सर एकदम चालतो, हा प्रश्नच आला नाही.

प्रश्न आला तो वाफेचा. एवढ्याशा जागेत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की जानेवारीत खिडक्यांवरून पाणी ओघळतं. पहिल्या थंडीत गादीखालचा प्लाय ओला लागला हाताला, कपाटात भिंतीला टेकून ठेवलेल्या साड्यांच्या बॅगेला बुरशीचा वास. हड कोडमुळे किचनचा पंखा बाहेर हवा फेकणारा असतो हे चांगलं, पण आमचा छतात आहे, शेगडीपासून लांब, फोडणीचा धूर तिथे पोचेपर्यंत स्मोक अलार्म बोंबलायला लागतो. मग शेगडीच्या डोक्यावर भिंतीतून बाहेर जाणारा हूड बसवला, एक छोटा डीह्युमिडिफायर घेतला, पलंगाखाली फळ्यांची जाळी केली, कपाटं भिंतीपासून बोटभर पुढे. आता मीटरवर आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास राहते. डिलरला सांगून हूड कारखान्यातच बसवून घेता आला तर घ्या, नंतर भिंत कापणं महाग पडतं. आणि वास! सोफा, पडदे, जॅकेट, सगळ्याला कांदा-लसणाचा वास. मासे बाहेर, पोर्चवर, इंडक्शनवर. थंडीत मासे नाहीत.

थंडीत घर गरम राहतं का? राहतं. मिनीस्प्लिटने बहुतेक दिवस भागतं, पारा शून्य फॅरेनहाइटला (उणे १८ सेल्सिअस) जातो तेव्हा जोडीला इलेक्ट्रिक फर्नेस चालतो आणि बिल दिसतं. खरी भीती खालच्या पाण्याच्या पाइपची. जमिनीतून वर येऊन घरात शिरतो तो हात-दीड हात लांबीचा तुकडा, तेवढाच उघडा असतो, त्याला हीट टेप (विजेवर गरम राहणारी पट्टी) गुंडाळलेली असते आणि ती घराखालच्या प्लगमध्ये लागते. थँक्सगिव्हिंगच्या आधी स्कर्टिंगचं एक पॅनल काढून टॉर्च घेऊन वाकायचं आणि टेपचा छोटा दिवा लागलाय ना ते बघायचं. आमच्या समोरच्यांचा प्लग उंदराने कुरतडला होता, त्यांना दोन दिवस पाणी नव्हतं, आमच्याकडून बादल्या नेल्या.

टॉर्नेडोचं सगळे विचारतात. बेसमेंट नाही, आणि अशा घरात थांबायचं नाही हे स्पष्ट आहे, अँकर कितीही असोत. ३१ मार्च २०२३ ला व्हाइटलँडला टॉर्नेडो आला होता, इथून उत्तरेला अर्ध्या तासावर. लॉटच्या करारावर सही करायच्या आधी आम्ही एकच विचारलं की सायरन वाजला तर जायचं कुठे. कम्युनिटीच्या ऑफिसची पक्की इमारत आहे, रात्रीसाठी किल्लीचा कोड दिलाय, चालत तीन मिनिटं. वेदर रेडिओ पलंगाशी, बुटं दाराशी, पासपोर्टची पिशवी खुंटीला. एप्रिलमध्ये एका रात्री गेलो होतो, सगळी कम्युनिटी तिथे, कुत्री, मांजरं, पायजम्यातले लोक. शेजारी ओळखीचे झाले ते त्या रात्री.

सासू-सासरे उन्हाळ्यात येऊन गेले. व्हिजिटर व्हिसावर लोक सहा-सहा महिने राहतात, एवढ्या घरात ते कोणालाच झेपणार नाही. एकच बाथरूम, आणि सासरे पहाटे पाचला उठून रेडिओ लावणारे. पंधरवड्यानंतर त्यांना आणि आम्हालाही मोकळा श्वास मिळावा म्हणून जवळच एक स्टुडिओ महिन्याने भाड्याने घेतला, जेवायला सगळे इकडे. मूल होणार असेल किंवा आईवडील दर वर्षी येणार असतील तर हे घर घेऊ नका, स्पष्ट सांगते. घरून काम करणारे दोघं असतील तरीही नको, एकाची मीटिंग दुसऱ्याच्या कानात जाते.

एक राहिलं. पहिल्या थंडीनंतर जमीन फुगून बसते. मार्चमध्ये बाथरूमचं दार घासायला लागलं आणि ओट्यावर ठेवलेलं लिंबू गडगडत सिंककडे जायला लागलं. घाबरू नका, रीलेव्हल करायचं असतं, इन्स्टॉलरच्या करारात पहिल्या वर्षाचं रीलेव्हल फुकट आहे का ते आधीच विचारून घ्या. आमच्यात होतं, तो अर्ध्या दिवसात जॅक लावून, पाचरी सरकवून आणि पट्टे परत ताणून गेला.