वजडी की रक्ती: रात्री उशिरा काय मागवाल?

कोल्हापुरात रात्री अकरानंतर नेहमीच्या मटण ताटापलीकडचं काही खायचं असेल, तर पहिल्यांदा वजडीच. वजडी म्हणजे बोकडाचं पोट-आतडं; ते गरम पाण्यात घालून, खरवडून, चार-पाच पाण्यांनी धुवावं लागतं. हे अर्धवट राहिलं तर वास कुठल्याच मसाल्याने लपत नाही. हळद-मिठात कुकरच्या सात-आठ शिट्ट्या हव्यात. कमी झाल्या की रबर चावल्यासारखं. पण नीट शिजलेली वजडी पुन्हा गरम केली तरी बिघडत नाही, उलट कांदा-लसूण चटणी आत मुरते.

रक्तीचं तसं नाही. गोठलेलं रक्त उकळून, चुरून भरपूर कांद्यावर परततात. तव्यावरून थेट ताटात आली तर मऊ; दुसऱ्यांदा तापवली की कोरडी, भुसभुशीत. म्हणून आधी विचारा, "ताजी परतून देणार काय?" हो म्हणाले तरच मागवा, सोबत गरम भाकरी, लिंबू आणि वाटीभर पांढरा रस्सा.