तेझेचा आठवडा : निवास, भोजन आणि प्रार्थना

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, क्लूनीपासून सुमारे १० किलोमीटरवर, एका टेकडीवर तेझे हे लहानसे खेडे आहे. तेथील ख्रिस्ती बंधुसमाज जगभरच्या पाहुण्यांना, विशेषतः तरुणांना, रविवार ते रविवार अशा मुक्कामासाठी बोलावतो. युरोपात राहणाऱ्या आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांत या ठिकाणाविषयी विचारणा होते तेव्हा पहिला प्रश्न बहुधा सोयींचा असतो, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

सोयी मोजक्या आहेत. राहायला लाकडी बराकींतील एकावर एक रचलेल्या खाटा किंवा स्वतः आणलेला तंबू, अंथरूण-पांघरूण आपले आपण न्यायचे, स्नानगृहे आणि शौचालये सामाईक. जेवण रांगेत उभे राहून ट्रेमध्ये घ्यायचे आणि एकाच चमच्याने खायचे. न्याहारीला पाव, लोणी, चॉकलेटच्या दोन कांड्या आणि बिनकानाच्या वाडग्यात गरम चहा किंवा कोको मिळतो. शाकाहारी जेवणाची सोय आहे. वाढणे, भांडी घासणे आणि शौचालये धुणे ही कामे पाहुणेच गट करून करतात, आणि त्यातून डॉक्टर, विद्यार्थी किंवा पाद्री कोणीही सुटत नाही. शुल्क देश आणि वय पाहून ठरते. सांगितलेल्या मर्यादेत किती द्यायचे हे आपण स्वतः ठरवतो, त्यामुळे श्रीमंत देशांतून आलेल्यांच्या पैशातून इतरांचा मुक्काम परवडणारा होतो.

एवढीच यादी वाचली तर हे एखादे स्वस्त वसतिगृह वाटेल. मात्र ज्या बंधूंचे आपण पाहुणे असतो ते कसे जगतात हे कळल्यावर या साधेपणाचा अर्थ उलगडतो. या समाजाचे संस्थापक ब्रदर रोजे १९४० साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, स्वित्झर्लंडहून या खेड्यात आले आणि युद्धाच्या धामधुमीत त्यांनी ज्यूंसह अनेक निर्वासितांना आसरा दिला. १९४९ च्या ईस्टरला सात बंधूंनी अविवाहित राहण्याचे, एकत्र नांदण्याचे आणि साधेपणाने जगण्याचे आजन्म व्रत घेतले. आज कॅथलिक आणि विविध प्रोटेस्टंट पंथांतील, सुमारे ३० देशांतून आलेले बंधू तेथे राहतात. हा समाज स्वतःसाठी देणग्या घेत नाही; एखाद्या बंधूला घरच्यांकडून वारसा मिळाला तर तोही अतिशय गरिबांना दिला जातो. उद्याच्या भीतीने भांडवल साठवू नये, हा त्यांचा नियम आहे. त्यांचा चरितार्थ मातीची भांडी, पुस्तके आणि संगीत यांच्या विक्रीवर चालतो. आवारातील दुकानात मिळणारी भांडी देखणी आणि रोजच्या वापराची आहेत, आणि पाहुण्याने तेथून एखादा वाडगा विकत घेणे हे मला या जीवनपद्धतीशी पूर्ण सुसंगत वाटते, कारण तो बंधूंच्या कष्टाचा रास्त मोबदला आहे.

चर्चच्या इमारतीकडेही याच दृष्टीने पाहावे. युद्धानंतर समेटाचे काम करणाऱ्या जर्मन तरुणांनी ती बांधली आणि १९६२ साली तिचे समर्पण झाले. पुढे गर्दी मावेना तेव्हा, १९७१ च्या ईस्टरला, बंधूंनी दर्शनी भिंत पाडून बाहेर तंबू जोडले. जेमतेम नऊ वर्षांची वास्तू इतक्या सहजपणे मोडणारी माणसे मालमत्तेकडे कशी पाहतात, हे सांगायला आणखी पुराव्याची गरज नाही.

या चर्चमध्ये दिवसातून तीनदा प्रार्थना होते: सकाळी, दुपारी १२.२० ला आणि रात्री ८.३० ला. घंटा वाजू लागली की सगळी कामे थांबतात. लोक जमिनीवर बसतात. कडेला थोडे बाकही आहेत. एक-दोन ओळींची गीते निरनिराळ्या भाषांत पुन्हा पुन्हा म्हटली जातात, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने म्हणत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला त्या आवर्तनांत परकेपणा वाटत नाही. मध्ये काही मिनिटे संपूर्ण शांतता असते. पहिल्या दिवशी ती लांबलचक वाटते, आणि आठवडा सरत येतो तशी ती हवीहवीशी होते. शुक्रवारी रात्री क्रूसचित्र जमिनीवर ठेवतात, आणि लोक एकेक करून त्यावर कपाळ टेकतात. या प्रार्थनेसाठी वेळ राखून ठेवावा.

घरातील वस्तू कमी करण्याची सध्या चाललेली टूम मनात धरून कोणी तेझेला जाणार असेल, तर मी त्याला थोडे थांबवीन. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता. चौथ्या अध्यायात, तृप्त असणे आणि भुकेला असणे, विपुलता आणि तोटा या दोन्ही स्थितींत राहण्यास आपण शिकलो आहोत असे तो सांगतो, आणि लगेच पुढे, हे सर्व करण्याचे सामर्थ्य आपल्याला ख्रिस्ताकडून मिळते असे म्हणतो. हा दुसरा भाग गाळला तर पहिल्यात कोरडा संयम तेवढा उरतो. तेझेच्या आठवड्यातून प्रार्थना वगळली तर नेमके तेच घडेल. चमचा तोच, खाट तीच, पण मन भरणार नाही. तीनही प्रार्थनांना बसणाऱ्या, बंधूंनी समजावलेल्या बायबलच्या उताऱ्यावर आपल्या गटात मोकळेपणाने बोलणाऱ्या आणि वाट्याला आलेले काम मन लावून करणाऱ्या माणसाला मात्र, आपल्यावर कोणीतरी अपार प्रेम करते या जाणिवेने जी तृप्ती येते, ती मी महागड्या सुट्ट्यांत कधी अनुभवली नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये हजारोंची गर्दी असते, तेव्हा निवांतपणा हवा असणाऱ्यांनी इतर महिने निवडावेत किंवा पूर्ण मौनात राहण्यासाठी असलेल्या वेगळ्या सोयीची चौकशी करावी. तरुणांपेक्षा मोठ्या वयाच्या पाहुण्यांसाठी जागा मर्यादित असल्याने नोंदणी लवकर करावी लागते. उन्हाळ्यात मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी शेजारच्या गावात ओलिंदा नावाची व्यवस्था आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी चर्चमध्ये थोडे आधी पोहोचून बाकावर जागा धरावी. रेल्वेने माकाँ-लोशे स्थानकावर उतरून बसने पुढे जाता येते. गरम कपडे, टॉर्च आणि मराठी बायबल सोबत असू द्यावे.