अणुचाचणीची जागा: थेट शोध की जुन्या नोंदीशी ताडणी?

कोयनेचा हादरा कोल्हापुरात जाणवला, की केंद्रबिंदू कुठं हे आपण लगेच विचारतो. भूमिगत अणुचाचणीबाबतही तोच प्रश्न. एक रीत म्हणजे अनेक भूकंपमापन केंद्रांवर पी-लहरी (जमिनीतून सगळ्यात आधी पोचणाऱ्या कंपनलहरी) कधी पोचल्या त्यावरून थेट जागा काढणं. पण वाटेतल्या खडकांतला लहरींचा वेग नेमका ठाऊक नसतो, म्हणून चूक कित्येक किलोमीटरची होऊ शकते. मला दुसरी रीत जास्त भरवशाची वाटते: त्याच परिसरातल्या जुन्या चाचणीच्या नोंदींशी नव्या नोंदी ताडणं. दोन्हींच्या लहरींची वाट जवळपास एकच, त्यामुळे वेगाची चूक बरीचशी वजा होते. उत्तर कोरियात पुंग्ये-री इथं २००६ ते २०१७ दरम्यान सहा चाचण्या झाल्या. तिथं हीच रीत सरस ठरते. जागा नवी असेल, तर मात्र थेट शोधाला पर्याय नाही.