चौथ्या दिवशी ठिपके गेले म्हणून पाच स्टार देऊ नका: मरीन इक, कॉपर आणि माझे आठ महिने

हा रिव्ह्यू लिहायला मी मुद्दाम आठ महिने थांबले. मरीन इक, म्हणजे समुद्री माशांना होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या औषधांचे बहुतेक रिव्ह्यू चौथ्या-पाचव्या दिवशी लिहिलेले असतात, तेच वाचून मी औषध घेतलं आणि त्यात माझा रॉयल ग्रामा मासा गेला.

आमची कोथरूडला चार फुटी रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल यांची) आहे, साडेतीनशे लिटरच्या आसपास. क्लाउन माशांची जोडी, ग्रामा, दोन क्लीनर श्रिंप (कोळंब्या), थोडे सॉफ्ट कोरल. गणपतीत पावडर ब्लू टँग मासा आणला आणि दुकानदाराच्या शब्दावर थेट टाकीत सोडला. सहाव्या दिवशी सकाळी दिवे लागायच्या आधी टॉर्च मारला तर परांवर बारीक मिठाचे खडे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके, आणि पठ्ठ्या सारखा दगडाला अंग घासतोय. मग सगळे करतात तेच केलं, लसूण-वनस्पती अर्कवालं 'रीफ सेफ' औषध आणलं, कारण कोरल असताना टाकीत दुसरं काही टाकता येत नाही. चौथ्या दिवशी टँग स्वच्छ! एक ठिपका नाही. मी खुशीत सगळ्यांना फोटो पाठवले.

दसऱ्याच्या आसपास ठिपके परत आले, दहापट, आणि या वेळी सगळ्यांवर. ग्रामा दोन दिवस पॉवरहेडच्या (पाण्याला प्रवाह देणाऱ्या पंपाच्या) समोर तोंड करून जोरजोरात कल्ले हलवत होता आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तळाला पडलेला मिळाला. ते अजून डोळ्यासमोर येतं.

आता हे नीट वाचा, कारण सगळं इथेच आहे. हा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या कातडीत साधारण तीन ते सात दिवस राहतो, खातो, मोठा होतो आणि मग आपणहून गळून पडतो. तुम्ही औषध टाका नाहीतर टाकू नका, ठिपके जाणारच. खाली पडला की वाळूवर, दगडावर, गोगलगायीच्या शंखावरसुद्धा चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. काही दिवसांनी ते फुटून शेकडो पिल्लं पोहत बाहेर येतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. म्हणजे माझी टाकी 'बरी' दिसत होती तेव्हा खाली वाळूत पुढची फौज तयार होत होती. माशावर असताना औषध लागत नाही, कवचात असताना लागत नाही, मारता येतो तो फक्त पोहत असताना. त्या बाटलीने माझ्याकडे काहीच केलं नाही, माझ्या हातून फक्त तीन आठवडे घालवले.

मग कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध. कॉपर मेन टाकीत टाकायचंच नाही, श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळे मरतात आणि दगड-वाळू कॉपर शोषून घेतात त्यामुळे लेव्हलही टिकत नाही. मासे पकडायला अर्धे दगड बाहेर काढावे लागले, रविवार पूर्ण गेला. मागच्या बेडरूममध्ये साठ लिटरची रिकामी टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले पीव्हीसीचे एल्बो. वाळू नाही, दगड नाही, फिल्टरमध्ये कार्बनही नाही, कारण कार्बन कॉपर ओढून घेतो. मी चिलेटेड (दुसऱ्या रेणूने बांधून ठेवलेलं) कॉपर वापरलं, चार-पाच दिवसांत हळूहळू २.२५ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत सव्वादोन भाग) नेलं आणि तिथून ३० दिवस मोजले. साध्या, न बांधलेल्या आयॉनिक कॉपरचा आकडा याच्या साधारण एक दशांश असतो, दोन्हीत गोंधळ केलात तर मासे जातील, म्हणून तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते बघा.

पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा पण कॉपर मोजायचा डिजिटल चेकर घ्याच. मी हॅना कंपनीचा हाय रेंज कॉपरवाला घेतला. आधी रंग जुळवायचं किट होतं, त्यात दोन की दीड हे ट्यूबलाइटखाली कळतच नव्हतं. यात नुसत्या पाण्यावर झिरो करायचं, मग पावडर टाकून हलवायचं, पाणी जांभळट होतं आणि आकडा येतो. दोनच्या खाली एक दिवस जरी गेला तरी मी ३० दिवस पहिल्यापासून मोजणार हे ठरवलं होतं. पाणी उडतं तशी लेव्हल वर जाते आणि पाणी बदललं की खाली, त्यामुळे बदलायच्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर घालून ठेवायचे. भाऊबीजेला माहेरी साताऱ्याला गेले होते तेव्हा सासूबाईंनी रोज मोजलं. रात्री फोन, "अगं, दोन पॉइंट शून्य आठ आलंय, चालेल ना?" चष्मा लावून पावडरचं पाकीट कात्रीने कापून शेवटच्या कणापर्यंत झटकायच्या त्या. त्या दिवशी लेव्हल का उतरली हे त्यांनीच शोधलं, टॉपअप (उडालेल्या पाण्याच्या जागी घालायचं साधं पाणी) जास्त झाला होता.

खरा त्रास माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचा झाला. छोटी टाकी, तीन मासे, दर दोन दिवसांनी पाणी बदलणं आलं. आणि अमोनिया मारणारी कंडिशनर्स कॉपरसोबत वापरू नका, त्यातली बरीचशी कॉपरचं रूप बदलून ते जास्त विषारी करतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप कामाला आला.

हायपोसॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.००९ वर आणणं, हाही इकवर चालणारा उपाय आहे, पण व्हेल्वेटवर (अशाच दुसऱ्या परजीवी रोगावर) तो चालत नाही आणि ग्रामाचा श्वास बघून मला व्हेल्वेटची भीती होती. कॉपर दोन्हीवर चालतं. ठिपक्यांऐवजी पिठी भुरभुरल्यासारखं दिसलं आणि श्वास जोरात असेल तर वाट बघू नका, व्हेल्वेट दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतं.

इकडे मेन टाकी ७६ दिवस माशांशिवाय. बहुतेक कवचं महिन्याच्या आत फुटतात पण ७२ दिवस लागल्याचीही नोंद आहे, म्हणून लोक वर चार दिवस धरतात. पन्नासाव्या दिवशी नवरा म्हणाला बास झालं, सोड आता, मासे तर ठणठणीत आहेत. नाही सोडले. जाळी, बादली, नळी सगळं वेगळं ठेवलं, त्या टाकीत ओला हात या टाकीत नाही. नाताळच्या आठवड्यात मासे परत गेले, टँग अर्धा तास त्याच्या जुन्या कपारीत आत-बाहेर करत होता.

आता मे आहे. एप्रिलच्या उकाड्यात चिलर बंद पडून पाणी ३० डिग्रीला गेलं, मासे चांगलेच स्ट्रेसमध्ये होते, तरी एक ठिपका आला नाही. परजीवी टाकीत असता तर तेव्हा नक्की वर आला असता.

कॉपर आणि चेकरला पाच स्टार. रीफ सेफ बाटलीला एक, तोही देता आला नसता तर बरं झालं असतं. मागच्या बेडरूममधली टाकी आम्ही मोडलेली नाही, गेल्या आठवड्यात नवीन ग्रामा आणलाय तो तिथेच आहे. आज नववा दिवस, सकाळचा आकडा २.३१.