लेफ्काडा: नीद्री, वासिलिकी की पश्चिम किनारा?

ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रातलं हे बेट. पुलावरून थेट गाडीने जाता येतं, फेरीबोटीची भानगड नाही. खरा घोळ होतो तो मुक्काम कुठल्या बाजूला करायचा, यात.

कोकणातला माणूस पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटी विचारतो. इथे पाणी जेमतेम वीतभर चढतं-उतरतं, त्यामुळे वेळापत्रक वाऱ्याचं. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून 'माइस्त्रो' सुटतो. तो पश्चिमेला लाटा आणतो. पूर्वेला मात्र डोंगराची आड असते.

म्हणून जेमतेम पोहणाऱ्यांनी आणि मुलं सोबत असणाऱ्यांनी डोळे झाकून पूर्वेचं नीद्री घ्यावं. पाणी तलावासारखं. गाव फार सुंदर नाही, उगाच खोटं कशाला सांगू! पण 30 अश्वशक्तीपर्यंतची छोटी बोट परवान्याशिवाय भाड्याने मिळते आणि समोरच्या मेगानिसी बेटाला चक्कर मारता येते. निघण्याआधी इंजिन बंद-चालू करणं आणि नांगर टाकणं मालकाकडून नीट शिकून घ्या, लाइफ जॅकेटं मोजून घ्या. एक गोम आहे: इथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी शांत दिसतं, पण फुगवलेल्या गादीवर लोळणारं पोर बघता बघता लांब जातं. गादी किनाऱ्यावरच ठेवा.

दक्षिणेचं वासिलिकी म्हणजे विंडसर्फिंगची पंढरी. सकाळी हलका वारा, शिकाऊंसाठी उत्तम. दुपारी डोंगरउतारावरून जोराचा वारा उतरतो. सर्फर मंडळींनी त्याचं नाव 'एरिक' ठेवलंय. शिकायचं असेल तर सकाळचाच वर्ग घ्या, आणि बुडणाऱ्याला आणायला बचाव-बोट आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. फक्त पोहायचं असेल तर वासिलिकीत राहण्यात अर्थ नाही.

राहिला पश्चिम किनारा: काथिस्मा, पोर्तो कात्सिकी, एग्रेम्नी. फोटोतला तो दुधाळ निळा रंग इथलाच. वाळू कमी, गोटे जास्त, आणि चार पावलांत पाणी गळ्याला. लाट मागे फिरते तेव्हा पायाखालचे गोटे खडखडत सरकतात आणि तोल जातो. तेवढ्यात पुढची लाट अंगावर. तरबेज पोहणाऱ्यालाही लाल बावटा असताना इथे काम नाही.

कड्याच्या सावलीत टॉवेल पसरायचा मोह होतो, तोही टाळा. 17 नोव्हेंबर 2015 च्या भूकंपात एग्रेम्नीला दरडी कोसळून खाली उतरायच्या पायऱ्याच गेल्या होत्या.

मी नीद्रीत राहीन, एक सकाळ वासिलिकीला देईन. पोर्तो कात्सिकीला जायचंच तर वारा पडलेल्या दिवशी, दहाच्या आत. अडचण आलीच तर तटरक्षक दलाचा नंबर 108, फोनमध्ये आधीच घालून ठेवा.