सिंहगड रोडचं मासळीचं दुकान: जिताडा मस्त, गाबोळीच्या थापा नकोत

माझं माहेर पेणजवळ खारेपाटात, त्यामुळे जिताड्याच्या बाबतीत माझं नाक जरा वरच असतं. आमच्याकडे पावसाळ्यात खाडीतली पिल्लं पकडून घरामागच्या तळ्यात सोडायची आणि पाहुणा तोलामोलाचा असला तरच जाळं टाकायचं. पुण्यात आल्यावर पापलेट-बांगडा गणेश पेठेतून आणते पण जिताडा फक्त माहेरी. तर आता घराजवळच दुकान निघालं, बाहेर पाटी 'खाडीचा जिताडा', म्हटलं बघू तरी.

ट्रेमध्ये दहा-बारा नग आणि सगळे एका मापाचे, साधारण किलोचे. तिथेच समजले, हा हॅचरीच्या बीजाचा, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं काढतात त्या केंद्रातल्या पिल्लांचा, पाळलेला. जिताडा लहान असताना आपल्याच भावंडांना गिळतो, म्हणून पाळणारे सारख्या मापाची पिल्लं निवडून वेगळी ठेवतात, खाडीतून असे जुळे-तिळे थोडेच येणार! आता यात लपवण्यासारखं काय आहे? चेन्नईच्या सीबा या मत्स्यसंशोधन संस्थेने १९९७ मध्येच देशात पहिल्यांदा पाळलेल्या जिताड्यांपासून पिल्लं काढली, आणि हॅचरीचं बीज मिळालं तर खाडीतली पिल्लं तेवढी कमी उपसली जातात. फक्त एक गोष्ट, एक मोठी मादी एका वेळी लाखांनी अंडी घालते, म्हणून दोन-चार जोड्यांवर धंदा उरकायचा मोह होतो, मग पुढच्या पिढीत सगळी भावंडंच आणि ती आपसात लावली की वाढ मंदावते, रोगाला दम राहत नाही. म्हणून विचारलं की बीज कुठल्या हॅचरीचं, तर मालक म्हणे "ताई, मासा फ्रेश आहे ना?" बरं.

खरी गंमत पुढे. एक काका म्हणाले गाबोळीवाला, म्हणजे पोटात अंडी असलेला द्या, तर मालक "आज संपली, रविवारी नक्की". अहो जिताडा आधी नर असतो, काही वर्षं नर म्हणून काढून मोठा झाला की मग मादी होतो! किलोच्या माशात कुठली गाबोळी? काकांना हळूच सांगितलं तर ते माझ्याकडेच संशयाने बघायला लागले 😄

मासा मात्र झकास हं. कल्ले लालभडक, चिखलाचा वास अजिबात नाही, चिंच घालून कालवण केलं तर तुकडी अख्खी राहिली आणि वर तेलाचा तवंग. कापणारा पोरगा नवीन असावा, तुकड्या पातळ केल्या आणि डोकं सरळ टाकून द्यायला निघाला होता, डोकं!! मी ओरडले म्हणून वाचलं.

५ पैकी साडेतीन. अर्धा पाटीचा कापला, एक गाबोळीचा. रविवारी परत जाणार आहे, पण आधी फोन करून सांगणार, डोकं ठेवा म्हणून.